चढ-उतारावर ट्रॅक्टर : धीर कसा येईल?



भातसानगरपासून खर्डी, डोळखांब, किन्हवलीपर्यंत आणि तिकडे मुरबाडच्या अंगाला धसई, टोकावड्यापर्यंत आपला सारा मुलूख चढ-उताराचा. खाली ओहोळाकाठी भाताची खाचरे, त्यांच्या वर नागली-वरीची वरकस जमीन आणि त्याहून वर पाडा. पूर्वी ही चढण बैलांनी चढली, आता ट्रॅक्टर चढतो. पावसाळ्यात चिखलणीला, दिवाळीच्या सुमारास भाताचे भारे आणायला आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर घेऊन. मुंबईला पाणी देणारी भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यातली. पण चैत्र-वैशाखात वरच्या पाड्यांना टँकरचीच वाट पाहावी लागते, हे आपण जाणताच.

हा ट्रॅक्टर चालविणारा बहुधा विशी-पंचविशीतला तरुण असतो. सपाटीवर त्याचा हात छान बसलेला असतो. पण बांधावरची उभी चढण समोर आली, बॉनेट वर झाले आणि पुढे नुसते आभाळ दिसू लागले, की छातीत धडधडतं. मग कोणी भीतीने अर्ध्यावर थांबतो, तर कोणी भीती लपवायला जोरात गाडी घालतो. दोन्हीत जिवाला धोका आहे.

धीर येतो तो दोन गोष्टींनी. एक, ट्रॅक्टर का उलटतो हे कळल्याने. आणि दुसरी, चढावर गाडी अडली तर सुखरूप मागे कसे यायचे, ते हातापायाच्या सवयीचे झाल्याने. चढण्याची कला सगळेच विचारतात. माघारी येण्याची कला फार थोडे विचारतात. खरा धीर या दुसऱ्या कलेतून येतो.

ट्रॅक्टर 'उलाळ' का होतो?

बैलगाडी हाकलेल्या जुन्या माणसांना 'उलाळ' हा शब्द ठाऊक आहे. गाडीत मागच्या अंगाला भार जास्त झाला, की चढावर जू बैलांच्या मानेवरून वर उचलते आणि गाडी मागे कलते. म्हणून चढ लागला की गाडीवान पुढे सरकून बसे, पोती पुढे ओढून घेई.

ट्रॅक्टरचेही तसेच आहे. त्याचे बरेचसे वजन मागच्या मोठ्या चाकांवर असते. चढावर तोंड वर झाले की पुढच्या चाकांवरचा भार आणखी हलका होतो. त्यात एक गोष्ट भर घालते. इंजिन मागचा आस फिरवते आणि आस चाकांना फिरवतो. पण चाके दगडाला अडली, चिखलात रुतली किंवा मागचे ओझे फारच जड झाले, तर चाक फिरत नाही. इंजिनाचा जोर मात्र कुठे तरी जायलाच हवा. मग चाक जागेवर राहते आणि ट्रॅक्टरच आसाभोवती फिरू लागतो. म्हणजे पुढचे तोंड उचलते.

हे किती वेळात होते? तोंड उचलू लागल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा जागी पोचतो, की तेथून तो परत आणता येत नाही. दीड सेकंदात तो चालकावर पडलेला असतो. 'उचलला तर उडी मारीन' असे म्हणणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा. पाऊण सेकंदात विचारही पुरा होत नाही. म्हणून तोंड उचलणारच नाही, अशी काळजी आधी घ्यावयाची.

त्यासाठी चार नियम आहेत :

१. ओढावयाचे ओझे नेहमी खालच्या ड्रॉबारलाच जोडा. साखळी टॉप लिंकला किंवा आसाला कधीही बांधू नका. ओढ जितकी वरून, तितके तोंड लवकर उचलते.

२. क्लच एकदम सोडू नका. हळूहळू सोडा, मगच थोडे ॲक्सिलरेटर द्या.

३. मागे नांगर किंवा रोटाव्हेटर असेल तर पुढे कंपनीची वजने लावा आणि अवजार जमिनीला लागणार नाही इतपत, पण खालीच ठेवा.

४. चाक रुतले तर चाकाला ओंडका बांधून पुढे जोर लावू नका. मागे घेऊन बाहेर काढा. निघत नसेल तर दुसऱ्याची मदत घ्या.

आधी पायी चढा, चढ मोजा

दुरून डोंगर साजरे. जवळ गेल्यावर दगड दिसतात. नव्या वाटेवर ट्रॅक्टर घालण्याआधी ती वाट पायी चालून या. कुठे मुरूम सुटा आहे, कुठे कातळावर शेवाळ आहे, गवतात कोणता खड्डा लपला आहे, हे पाहा. चढाच्या माथ्यावर उभे राहून पलीकडे काय आहे तेही पाहा. कारण ट्रॅक्टर माथ्यावर येतो तेव्हा बॉनेटपुढचे काही दिसत नाही. तिथे वळण आहे, घळ आहे की शेत आहे, हे चालकाला आधीच माहीत असावे. आणि जिथे आपली वहाण घसरते तिथे टायरही घसरणार, ही साधी खूण विसरू नका.

चढ डोळ्यांनी नीट कळत नाही, तो मोजावा. दहा फुटांचा सरळ बांबू घ्या. एक टोक चढाच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवा, दुसरे टोक उताराच्या बाजूला हवेत धरा. बांबूवर अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवा. पाणी दोन्ही टोकांना सारखे दिसले की बांबू समपातळीत आला. आता हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंत किती अंतर आहे ते मोजा. एक फूट भरले तर 'दहाला एक' चढ, दोन फूट भरले तर 'दहाला दोन'.

नवशिक्याने 'दहाला एक'वर हात बसवावा. 'दहाला दोन'वर चांगला सराव झाल्यावर, कोरड्या जमिनीवर, ट्रॉली न लावता आणि सरळ रेषेतच जावे. त्याहून उभ्या जागी वळशाची वाट शोधावी.

'दहाला दोन' म्हणजे काही फार नाही, असे वाटते का? मग कसारा घाटातली रेल्वे आठवा. १८६५ सालापासून या घाटातून गाड्या जातात. तिथला चढ सदतीस फुटांना एक फूट आहे; म्हणजे दहा फुटांना जेमतेम सव्वातीन इंच! तरीही इगतपुरीकडे चढणाऱ्या अनेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. कारण लोखंडी चाकाची लोखंडी रुळावर पकड कमी. आपली बांधावरची चढण दहा फुटांना चोवीस इंच असते. टायरची मातीवर पकड चांगली असते म्हणून ती निभते. माती ओली झाली, की तीच पकड जाते. चढावर इंजिनाचे हॉर्सपॉवर जितके महत्त्वाचे, तितकीच चाकाची पकड महत्त्वाची.

भीती वाटली की पाय कुठे जातो?

ही गोष्ट नीट समजून घ्या. घाबरलेल्या माणसाचा पाय आपोआप क्लचवर जातो. सपाटीवर क्लच दाबला की गाडी थांबते, म्हणून पायाला तीच सवय लागलेली असते. पण चढ-उतारावर क्लच दाबला की चाके इंजिनापासून सुटतात. इंजिनाचा लगाम गेला आणि गाडी मोकाट झाली! मग वेग वाढतो, आणि त्यात चालकाने एकदम ब्रेक मारला किंवा झटक्याने क्लच सोडला, तर ट्रॅक्टर उलटतो.

म्हणून नियम असा : गियर चढाच्या पायथ्याशीच टाकायचा. लो मध्ये, खालचा. एकदा चढाला लागल्यावर माथा येईपर्यंत गियर बदलायचा नाही. उतारालाही तसेच. ज्या गियरमध्ये चढण चढाल त्याच, किंवा त्याहून खालच्या गियरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणे म्हणजे दोन रुपयांसाठी जीव गहाण टाकणे आहे.

दोन ब्रेक पेडले एकत्र जोडणारी कडी चढाला लागण्याआधी लावून घ्या. शेतात वळताना एकेक ब्रेक उपयोगी असतो. उतारावर एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. डिफरन्शियल लॉक लागला असता ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून तो सरळ वाटेवर, चाक घसरत असेल तेवढ्यापुरताच वापरा.

सराव कसा करावा?

सराव उन्हाळ्यात, दिवसाउजेडी, कोरड्या मुरमाच्या जागेवर करावा. ट्रॉली नको, अवजार नको. जाणते माणूस बाजूला, ट्रॅक्टरच्या वाटेपासून दूर उभे असावे. रोज अर्धा-पाऊण तास पुरे. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढली घेऊ नये.

पहिली पायरी : सपाट शेतात सर्वांत खालच्या गियरमध्ये चालवा. दोन्ही पाय पेडलांवरून काढून खाली ठेवा. इंजिन गाडीला कसे धरून ठेवते ते अनुभवा. पायाला स्वस्थ बसायला शिकवणे, हा पहिला धडा.

दुसरी पायरी : 'दहाला एक' चढावर सरळ चढा, माथ्यावर वळा, सरळ उतरा. पाय क्लचवर गेला की मोठ्याने स्वतःलाच सांगा, "पाय खाली." हसू येईल, पण सवय लागेल.

तिसरी पायरी : त्याच चढाच्या मध्यावर मुद्दाम थांबा आणि माघारी या. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. निदान वीस वेळा करा. तिची रीत खाली दिली आहे.

चौथी पायरी : हेच 'दहाला दोन'च्या जवळपासच्या चढावर करा.

पाचवी पायरी : आता हलके ओझे लावून पुन्हा 'दहाला एक'पासून सुरुवात करा. ओझे लावले की नवा ट्रॅक्टर हाती आला असे समजा.

चढावर गाडी अडली तर

गाडी दम खाऊ लागली, की मागे घसरण्याची वाट न पाहता लगेच दोन्ही ब्रेक घट्ट दाबा. गाडी मागे जाऊ लागल्यावर मारलेला ब्रेक वाईट. मागची चाके अडतात, वजन मागे झुकते आणि तोंड उचलते.

गाडी थांबली? आता घाई नाही. एक श्वास घ्या. ब्रेक दाबलेलाच ठेवून क्लच दाबा. इंजिन बंद पडले असेल तर चालू करा. रिव्हर्सचा लो गियर टाका. ॲक्सिलरेटर कमीत कमी. क्लच हळूहळू पूर्ण सोडा. इंजिनाने गाडी धरली की ब्रेकही हळू सोडा. चाके सरळ ठेवा, मान वळवून मागे पाहा आणि इंजिनाच्या लगामावर गाडी आपोआप खाली येऊ द्या. अर्ध्या चढावर गाडी वळवायचा मोह कधीही होऊ देऊ नका.

मागे ट्रॉली असेल तर ही रीत चालत नाही. ट्रॉली आडवी होते. तेव्हा ब्रेक धरून थांबा. सोबत्याने बाजूने येऊन ट्रॉलीच्या चाकामागे मोठे दगड लावावेत. गाडीच्या बरोबर मागे, उताराच्या बाजूला कोणीही उभे राहू नये. मग ओझे उतरवा किंवा दुसरा ट्रॅक्टर बोलवा.

एखादा छोटा उभा बांध चढावयाचाच असेल आणि मागे ट्रॉली नसेल, तर ट्रॅक्टर उलटा, म्हणजे रिव्हर्समध्ये चढवावा. जड बाजू चढाकडे राहिली की तो मागे कलंडत नाही.

आडवे जाऊ नका

उताराला आडवे जाणे हे सरळ चढण्याहून फसवे. हिशेब पाहा. दोन चाकांमध्ये पाच फूट अंतर आहे आणि उतार दहाला दोन आहे. म्हणजे वरचे चाक खालच्यापेक्षा एक फूट उंच. आता वरचे चाक अर्धा फूट उंच दगडावर चढले आणि त्याच वेळी खालचे चाक अर्धा फूट खड्ड्यात गेले. फरक झाला दोन फूट. जमीन तीच, पण ट्रॅक्टरपुरता उतार दहाला चार झाला. वेग असेल किंवा वर पेंढ्याचे उंच ओझे असेल, तर एवढ्यात कलंडतो.

म्हणून उतारावर सरळ वर, सरळ खाली हीच वाट धरा. आडवे जाणे टळतच नसेल तर चाकांतले अंतर शक्य तेवढे वाढवा, मुंगीच्या पावलाने जा आणि कलल्यासारखे वाटले तर स्टिअरिंग उताराच्या बाजूला, हळू वळवा. चढाच्या बाजूला वळवाल तर कलणे वाढते.

पॉवर टिलर वापरणाऱ्यांनी एक वेगळीच गोष्ट ध्यानात ठेवावी. सपाटीवर डाव्या मुठीचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतरताना मात्र तो उलटा, उजवीकडे वळतो. कारण सुटलेले चाक उतारावर जास्त पळते. उतारावर मुठीचे क्लच न दाबता दांड्यांनीच टिलर वळवावा.

टँकर, पेंढा आणि माणसे

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे पाच टन पाणी. पण अर्धा भरलेला टँकर हलका म्हणून सोपा, असे समजू नका. अर्ध्या टँकरमधले पाणी हेलकावते. चढावर सगळे मागे, वळणावर सगळे बाहेरच्या बाजूला धावते. टँकर पूर्ण भरून, नाही तर पूर्ण रिकामा करूनच चढ-उतार करावा. पूर्ण भरलेला झेपत नसेल तर ती चढण आपली नाही. पाणी खालीच साठवणीच्या टाकीत घेण्याची सोय गावाने करावी.

पेंढ्याचे व भाताचे भारे उंच रचले की तोल वर जातो. चढणीच्या वाटेला दोन खेपा करा, पण रास ठेंगणी ठेवा. ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर ती ट्रॅक्टरला मागून रेटते. म्हणून उतार लागण्याआधीच वेग कमी करा.

पहिल्या पावसाच्या सरीनंतर दोन-चार दिवस वरकसावरची वाट टाळलेली बरी. धुळीचा पातळ चिखल होऊन टायरच्या खाचा भरतात आणि पकड राहत नाही.

आता भगिनींना एक विनंती. लावणीला जाताना, बाजाराला वा लग्नाला जाताना चढ-उताराच्या वाटेवर ट्रॉलीत बसू नका, मुलांना मडगार्डवर बसवू नका. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय कोणी बसू नये, असे कायदाही सांगतो. चढण आली की उतरून चाला. दहा मिनिटे उशीर होईल, एवढेच.

नव्या ट्रॅक्टरच्या वेळी चालकाच्या डोक्यावरची लोखंडी संरक्षक चौकट आणि पट्टा यांची चौकशी जरूर करा. स्वीडन देशाने १९५९ सालापासून नव्या ट्रॅक्टरला अशी चौकट सक्तीची केली आणि तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे फार कमी झाले. चौकट असेल तर पट्टा बांधाच. चौकट नसेल तर पट्टा बांधू नका. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ सालापासून सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण संस्था आहे. तेथे ट्रॅक्टर तपासलेही जातात आणि चालविणे शिकवलेही जाते.

'नाही' म्हणण्याचा धीर

भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुणाची खरी अडचण वेगळीच असते. शेताचा मालक म्हणतो, "काय नाय होत रे, चढव! मागल्या साली त्याने चढवला व्हता." चार माणसे बघत असतात. बँकेचा हप्ता डोक्यावर असतो. अशा वेळी नाही म्हणायला चढ चढण्याहून जास्त धीर लागतो.

त्याला एक तोड आहे. बांबू काढा आणि चढ मोजून दाखवा. "काका, दहाला तीन आहे. मी दहाला दोनच्या वर ट्रॅक्टर घालत नाही. वळशाने येतो, नाही तर ओझं खाली उतरवू." एवढे शांतपणे सांगितले की वाद मिटतो. मोजमापापुढे कोणाची इभ्रत जात नाही. मालकांनीही हे समजून घ्यावे. आपल्या दोन खेपा वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या घरचा कर्ता मुलगा पणाला लावू नये. कसाऱ्याला रेल्वे मागून इंजिन लावून घेते, त्यात कोणी कमीपणा मानत नाही. आपणही मदत मागण्यात मानू नये.

थोडक्यात ध्यानात ठेवा :

• आधी पायी चढा, बांबूने चढ मोजा, माथ्यापलीकडे पाहून या.
• गियर पायथ्याशी. चढात आणि उतारात क्लचवर पाय नको, न्यूट्रल तर कधीच नको.
• दोन ब्रेकची कडी लावा. ओझे खालच्या ड्रॉबारलाच.
• सरळ चढा, सरळ उतरा. आडवे जाऊ नका, अर्ध्या चढात वळू नका.
• घसरण्याआधी ब्रेक, मग रिव्हर्सच्या लो गियरमध्ये माघारी. याचा सराव वीस वेळा.
• टँकर भरलेला किंवा रिकामा, अर्धा नको.
• ट्रॅक्टरवर चालक एकटाच.

हा कागद ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. घरात जो कोणी ट्रॅक्टर चालवतो त्याला वाचून दाखवा, आणि यंदाची भातकापणी होऊन वाटा कोरड्या झाल्या की पहिल्या पायरीपासून सरावाला लागा.